नको म्हनायची रीत

वामनराव मास्तर माह्या बाहेरच्या खोलीत राहाले आले ते साल मले पक्कं आठवते. त्याच साली आपला वऱ्हाड मुंबई राज्यात गेलता, अन् गावातले रिकामे लोक पारावर बसून रोज त्याच्यावरच भांडत. मले त्या राज्याशी काय करनं होतं? माहे मालक वारले होते, पोटी लेकरू नाही. कपाशी अन् तुरीचं वावर, अन् एवळं मोठं घर. दिवसा कामात जीव रमे, पन सांज झाली का घर खाले उठे. म्हनून मी खोली भाड्यानं देल्ली. गावाले वाटे, बाई पैशाची लालची हाये. वाटो बापा. मले फक्त भिताडाच्या पल्याड कोनीतरी खोकललेलं पाह्यजे होतं.

मास्तर खोकलत, तेवळं खरं. इंग्रजीचे मास्तर म्हंजे मानूस बोलका असन, असं मले वाटलं होतं. कायचा बोलका. शाळेतून आले, कंदील लावला, पुस्तक उघडलं, खलास. बायको जाऊन लई वर्षं झालती, मागं-पुढं कोनी नाही. बाभुळगावच्या पल्याड त्यायच्या बापाचं दोन खोल्यायचं घर होतं, ते कुलूप लावून पडलेलं. इथं सोताच भात शिजवत अन् करपवत. पहिल्याच हप्त्यात मी वाटीभर वरन घेऊन गेली. म्हने, नको ताई. मी म्हनलं, घ्या हो. म्हने, नको नको, कशाला. तिसऱ्यांदा म्हनलं तवा वाटी हाती घेतली. अन् ताटात भात पहिलेच काढून ठेवलेला, मधी वरनासाठी आळं करून.

आपल्यात असंच असते ना. पहिल्या झटक्यात हो म्हननाऱ्याले आपन हावरट म्हनतो. माह्या सासूनं तं मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं का सूनबाई, दोनदा नको म्हनल्याशिवाय कोनाच्या घरचा चहा बी पिवाचा नाही. ते वळन हाडात बसलं. आता निंगत नाही.

नाल्याच्या पल्याड बंजाऱ्यायचा तांडा होता. त्या तांड्यातला फुलसिंग माही बाज विनाले आला अन् मंग रोजच येऊ लागला. त्याच्या आज्या-पंज्यायनं बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला होता. पुढं ते बंद पडलं, अन् तांडा शेतीवर बसला. त्याची बायको जमनाबाई तापानं गेलती. पोरगा देवसिंग बायको-लेकरं घेऊन झरीकडं जंगलाच्या कामावर गेला तो तिकडलाच झाला. फुलसिंगनं वावर बटईनं देऊन टाकलं. घरात तो अन् त्याची काठी. बहीन रुपीबाई दोन घरं सोडून राहे, भाकरी तिच्याकडून येत. पन भाकरीसंग कोनी बोलत असते काय? सांजी नाला उतरून तो माह्या ओट्यावर येऊन बसे.

त्याले पाहून मास्तर बी पुस्तक मिटून बाहेर येऊ लागले. दोघं ओट्यावर, मी उंबरठ्याच्या आत तुरी निवडत. गाव बोललं, तांड्यातला मानूस अन् विधवा बाई अन् मास्तर, हे काय चाललं? गावाले तोंड हाये, ते चालनारच. मी चहा करी अन् दोघायच्या हातात कप देऊन मोकळी होई, विचारत बसत नव्हती. त्या सांजा माह्या जिंदगीतल्या चांगल्या सांजा होत्या, हे मी आज बी कोनासमोर सांगीन.

एक दिवस मास्तर मोठे खुशीत होते. वर्गात त्यायनं कोनता तरी इंग्रजी शब्द शिकवला होता अन् तो डोक्यात घेऊनच घरी आलते. म्हनाले, गेस्ट म्हणजे पाहुणा, अन् होस्ट म्हणजे ज्याच्या घरी पाहुणा येतो तो. पण हजारो वर्षांमागे हे दोन शब्द नव्हतेच, एकच होता. त्याचा अर्थ परका माणूस, दाराशी आलेला. त्याला आज आपण भाकर द्यायची, उद्या आपण त्याच्या दाराशी गेलो की त्यानं द्यायची. म्हणून देणारा कोण अन् घेणारा कोण, हे त्या शब्दाला ठाऊकच नव्हतं. पुढं एकाचे दोन झाले. हॉटेल अन् हॉस्पिटल, हेही त्याच घराण्यातले म्हने.

मी म्हनलं, मंग हॉटेलवाला पैसे कायले घेते? मास्तर हासले. मंग चष्मा पुसत म्हनाले, का त्याच मुळापासून दुसऱ्या एका भाषेत दुश्मन हा शब्द निघाला. पाहुना अन् दुश्मन, दोघं सख्खे भाऊ. मले ते काही पटलं नाही. पन फुलसिंग मान हालवत होता. तो म्हने, बरोबर हाये. त्याच्या आज्याचा तांडा सांजी एखाद्या गावाच्या शिवेवर उतरे, तवा तिथला पाटील बैलायसाठी कडबा धाडे. सकाळी गावातली एखादी बकरी हरपली का तोच पाटील लाठ्या घेऊन येई. मानूस तोच, शीव तीच, रात तेवळी मधी गेलेली. त्या लोकायनं एकच शब्द ठेवला ते अक्कलच केली, असं तो म्हने. मास्तर त्याच्याकडं असे पाहत का जसा हा त्यायचा वर्गमित्रच.

तवा हे दोघं एकमेकायच्या घरी जेवतीन, यात मले शंका नव्हती. पन जे झालं ते ऐका.

होळी आली. तांड्याची होळी मोठी असते, नाचगानं अन् लापशी. फुलसिंग नवा फेटा बांधून आला अन् म्हने, मास्तर, होळीले आमच्याइथं जेवाले या. मास्तर मनातून फुलले, मले दिसत होतं. पन तोंडानं काय म्हनाले? अरे नको, कशाला तुम्हाला तकलीफ. फुलसिंग जराकसा थांबला, "बरं" म्हने, अन् नाला उतरून गेला.

होळीच्या दिवशी मास्तरनं धुतलेलं धोतर नेसलं. चूल पेटवली नाही. दारात खुर्ची टाकून नाल्याकडं तोंड करून बसले. तिकडून डफाचा आवाज येत होता. त्यायले वाटे, आता फुलसिंग येईन, पुन्हा म्हनन, हात धरून नेईन. कोन येते? दिवे लागनीले माह्या दारात येऊन म्हनाले, ताई, भाकर उरली आहे का? मी पुरनपोळ्या केल्या होत्या. विचारत बसली नाही, सरळ ताट वाढलं. खाली मान घालून जेवले. म्हनाले, मनापासून असतं तर पुन्हा विचारलं नसतं का त्यानं?

तिकडं फुलसिंग माह्या वावरात येऊन सांगे, मास्तरले तांड्याची चूल चालत नाही. गोष्टी गोड करते, पन चूल चालत नाही.

मास्तर तसे मनानं मोठे. दिवाळीले त्यायनं आपून होऊन फुलसिंगले जेवाले बलावलं. तो पहिल्याच शब्दाले हो म्हनाला. मास्तर बी मनात दचकले असतीन. सैपाक मी केला, वरन-भात, भजे, शेवयाची खीर. फुलसिंग पोटभर जेवला अन् म्हने, झालं मास्तर, भरलं पोट. मास्तर म्हनाले, छे, अजून एक वाटी. तो म्हने, भरलं. मास्तरनं त्याचा हात बाजूले करून खीर वाढलीच, अन् पुन्हा चमचा भरला. आपल्यात याले प्रेम म्हनतात. फुलसिंगचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"मी खोटा बोलतो काय, मास्तर? भरलं म्हनलं तं भरलं."

ताटाले नमस्कार करून उठला अन् काठी घेऊन गेला. मास्तर चमचा हाती धरून तसेच बसले. ती खीर मंग कुत्र्यानं खाल्ली.

तो हिवाळा मले अजून बोचते. फुलसिंग येईना. मास्तर पुन्हा पुस्तकात घुसले. मी एकटी ओट्यावर तुरी निवडत बसे अन् दोघायवर मनातल्या मनात चिडत राहे. माहा कोनाशी झगडा नव्हता, मंग सजा मले कायची? भिताडाच्या पल्याडचं खोकलनं ऐकलं का पहिले जिवाले बरं वाटे. आता ते ऐकून अजूनच एकटं वाटे. तुटलेल्या दोन मानसायच्या मधात राहनं हे रिकाम्या घरापेक्षा वाईट असते.

मास्तरची नोकरी उन्हाळ्यात संपनार होती. त्याच्या थोडं आधी रुपीबाई माह्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटाले आली, अन् पैसे घ्याले घरी आली तवा मास्तरनं तिले बसवून सारं विचारलं. तिनं सांगतलं, तांड्यात एकदाच विचारतात. आमचे लोक वाटेनं चालत, बैलावर धान्य मोजकं. हो म्हनलं तं त्याचं शिजवायचं, नाही म्हनलं तं नाही शिजवायचं. दुसऱ्यांदा विचारनं म्हंजे त्याले लबाड म्हननं. मास्तर मले म्हनाले, ताई, मी त्याच्या ताटात खीर नाही, अपमान वाढला.

अन् त्याच हप्त्यात फुलसिंग मले बांधावर भेटला. म्हने, बाई, तुमच्या लोकायची रीत काय हाये ते एकडाव सांगून टाका. मी सांगतलं. आमचा पहिला नको म्हंजे वळन. दुसरा नको म्हंजे समोरच्याचं मन पाहनं. तिसऱ्यांदा विचारलं का मंग हो. तो पोट धरून हासला. म्हने, म्हंजे तुमचा हो तिसऱ्या मुक्कामावर राहते. हासता हासता डोळे पुसले अन् म्हने, होळीच्या दिवशी मास्तर उपाशी होते काय मंग? मी म्हनलं, होते. लई वेळ बांधावरच बसून राह्यला. दुसऱ्या दिवशी सांजी नाला उतरून आला. मास्तर बाहेर आले. मी दोन कप हातात देल्ले.

मास्तरचं जायचं ठरलं तवा ते मले आधी बोलले. बापाच्या घराचं कुलूप काढतो म्हने, अन् फुलसिंगला विचारतो सोबत चल म्हणून. तो हो म्हणाला तर जगणं बरं होईल, नाही म्हणाला तर एकटाच जाईन. मी बरं म्हनलं. मास्तर तं जानारच होते, त्याले इलाज नव्हता. पन फुलसिंग गेला तं माह्या ओट्यावर कोन येनार? बाभुळगाव का जवळ हाये? वावर सोडून मी कुठी जानार? तो इथं राह्यला तं निदान एक मानूस तरी राहीन, असं मले वाटे. अन् मास्तर एकटे तिकडं भात करपवत बसतीन, हे बी दिसे.

जायच्या आदल्या सांजी मास्तरनं विचारलं. मी उंबरठ्यातच होती.

"फुलसिंग, माझ्यासोबत राहायला चला. दोन खोल्या आहेत, विहीर आहे. तिथं कोणी गेस्ट नाही, कोणी होस्ट नाही. त्या जुन्या एकाच शब्दासारखं राहू."

फुलसिंगचं तोंड असं उजळलं का मी तसं त्याले कधी पाह्यलं नव्हतं. अन् मंग त्यानं काय करावं? सावरून बसला, मान खाली घातली, अगदी मी सांगतलं होतं तसं, अन् म्हने, नको मास्तर, कायले तुमाले तकलीफ.

मास्तरनं मान हालवली. "बरं," म्हनाले.

माह्या हातातलं सूप तसंच राह्यलं. फुलसिंग खालच्या मानेनं वाट पाहत होता. मास्तर नाल्याकडं पाहत होते, तांड्याच्या रीतीचा मान राखून बसले होते. दोघायच्या मधातली गोष्ट एकट्या मले माहीत होती. एक शब्द बोलली असती तं गाठ सुटली असती. अन् गाठ सुटली का दोघं बी गेले. मी तोंड उघडलं नाही. फुलसिंग उठला, काठी शोधाले त्याले लई वेळ लागला, अन् गेला. मी बी आत जाऊन पडली, पन डोळ्याले डोळा लागला नाही.

सकाळी मास्तरची गाडी जुंपली. पेटी, पुस्तकं, गादी. फुलसिंग पोचवाले म्हनून आला अन् दूर निंबाखाली उभा राह्यला. त्याच्या खाकेत घोंगडी होती, गुंडाळून दोरीनं बांधलेली. घोंगडीत लोटा बांधला होता, त्याचा फुगारा वरून दिसत होता. कोनी कोनाले पोचवाले घोंगडी अन् लोटा घेऊन येते काय? तो अजून वाट पाहत होता. ते पाहून माहा जीव असा तुटला का मले माहं काहीच आठवलं नाही. मी आंगनातूनच बोलली.

"मास्तर, त्याले पुन्हा विचारा. तो तुमच्या रीतीनं नको म्हनून राह्यला. अन् तुमी त्याच्या रीतीनं बरं म्हनता."

मास्तरचा हात गादीच्या दोरीवर तसाच राह्यला. त्यायनं निंबाखाली पाह्यलं, घोंगडी पाह्यली, अन् त्यायले समजलं. लहान पोरावानी धावत गेले. फुलसिंग, चला माझ्यासोबत. तो म्हने, नको. मी डोक्याले हात लावला. मी म्हनलं, भाऊ, बस कर आता. तो म्हने, तुमीच तं तीनदा सांगतलं, बाई, आता दोनच झाले. मास्तरनं तिसऱ्यांदा विचारलं तवा त्यायचा आवाज फाटला होता. फुलसिंग हो म्हनाला, अन् दोघं म्हातारे निंबाखाली एकमेकायचा हात धरून रडले. गाडीवान तोंड फिरवून बैलाची वेसन तपासत बसला.

मले मंग रागच आला. एवळे दिवस वाया घातले ते घातले, आता बी तेच. मी दोघायले उभं करून झाडलं. म्हनलं, हे नको नकोचे खेळ इथंच पुरा. यापुढं मनात असन ते एकडाव विचारायचं अन् मनात असन ते एकडाव सांगायचं. मास्तरनं शाळेतल्या पोरावानी कान धरले अन् म्हनाले, कबूल ताई, आजपासून कोणालाच दुसऱ्यांदा विचारणार नाही.

घोंगडी गाडीत गेली. फुलसिंग पुढं गाडीवानाजवळ बसला अन् बैलायशीच काहीतरी त्याच्या बोलीत बोलू लागला. मास्तर मागं पाय सोडून बसले. गाडी हालली. मी चाकाजवळून आंगनाच्या फाटकापर्यंत चालत गेली. तवा मास्तर म्हनाले, अगदी मनापासून म्हनाले, मी त्यायचे डोळे पाह्यले.

"बेबीताई, दिवाळीला तुम्ही आमच्याकडं या. चांगले चार दिवस राहा."

मले दिसलं ते घर, ती विहीर, तो ओटा, तिसरा कप. अन् माह्या तोंडातून काय निंगालं?

"नको हो मास्तर. कायले तुमाले तकलीफ."

मास्तर क्षनभर माह्याकडं पाहत राह्यले. मंग त्यायनं हात जोडले.

"बरं, ताई," म्हनाले.

गाडी नाल्यात उतरली, पल्याडच्या चढावर लागली. मी फाटक धरून तठीच उभी होती. मले तिसऱ्या खेपेची गरज नव्हती. दुसऱ्यांदा विचारलं असतं तरी मी हो म्हनली असती.